फुलहॅम ते केडगाव

आजचं वाचन : योहान ४ : १ ते ४२ आणि लूक ६ : ३६ ते ३८



या आठवड्यात आपण कुसळ आणि मुसळावर वाचतो आहोत. वचनांचा अर्थ बराच बोलून झाला, म्हणून आज अर्थ बाजूला ठेवून एका बाईचं आयुष्य सांगायचं आहे. वरचे दोन्ही भाग आधी वाचून घ्या, फोनवर वाचलेत तरी चालेल. योहानचा चौथा अध्याय तर नक्कीच वाचा, कारण या गोष्टीत तो बरोबर मधोमध येतो.

पंडिता रमाबाई हे नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलं असेल : समाजसुधारक, शारदासदन, मुक्तिमिशन. चर्चमध्ये त्यात आणखी एक ओळ मिळते, की त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. एवढ्यावर आपण त्यांना फोटोच्या चौकटीत बसवून टाकतो. पण या बाईला आयुष्यभर कोणी ना कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होतं, आणि तिने मात्र ज्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं अशा बायकांसाठी दार उघडलं, हे फारसं कोणी सांगत नाही.

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांचा गुन्हा एकच : बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं. त्या काळी ही गोष्ट इतकी खटकली की शास्त्रीबुवांना विद्वानांच्या सभेपुढे जाऊन शास्त्राचे आधार देत आपली बाजू मांडावी लागली. पुढे हीच आई पहाटे रमाला मांडीवर घेऊन संस्कृत शिकवायची. म्हणजे दोषारोपाची सुरुवात रमाच्या जन्माआधीच झाली होती म्हणा ना.

रानातलं घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, ऐकणाऱ्यांनी दिलेल्या दक्षिणेवर जगायचं आणि पुढच्या तीर्थाला निघायचं. रमाला भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. या घराने कधी मजुरी केली नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. काही दिवस झाडपाला खाऊन काढले. आधी वडील गेले, मग आई आणि मग थोरली बहीण कृष्णाबाई.

आईच्या वेळचा प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. स्मशान तर चांगलं तीन मैल लांब. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघं, भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची इतकी कमी, की तिला खांदा पुरेना, म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला. जरा थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, पोटात अन्न नाही, आणि आजूबाजूच्या लोकांना पडलेला प्रश्न हा, की हे कुटुंब नक्की ब्राह्मण आहे ना.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल चालली. थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा पंजाबात झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून ती रात्र काढत. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली आणि तिथे एकदम चक्रं फिरली. वीस वर्षांची मुलगी सभेत संस्कृत बोलते हे बघून पंडित थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिला तिथे मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नवरा ब्राह्मण नव्हता. ज्यांनी पदव्या दिल्या, टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्या पुष्कळांनी आता तोंड फिरवलं. आपण इन्स्टाग्रामवर बघतो तसंच म्हणा, काल डोक्यावर, आज पायदळी.

संसार आसामात सिल्चरला होता. त्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. त्यांनी ती वाचली आणि त्यांना आवडली. नवऱ्याला मात्र बायको ख्रिस्ताकडे ओढली जातेय हे मुळीच पसंत नव्हतं. आज आपण वाचला तो लूकचा सहावा अध्याय त्याच प्रतीत होता. त्यांना तेव्हा त्यातलं किती कळलं असेल, कोण जाणे. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेविशीच्या रमाबाई आता विधवा होत्या, मांडीवर दहा महिन्यांची पोर, आणि जवळचं रक्ताचं म्हणावं असं त्या पोरीशिवाय जगात कोणी नाही.

त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायची इच्छा होती. पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकी पुढे राहूनच गेली. तिथे वाँटेज गावात अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात त्या उतरल्या. याच मठाच्या सिस्टर्स पुण्यात पंचहौदला काम करत होत्या, त्यामुळे ओळख आधीची होती.

आता येतो फुलहॅमचा भाग. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

हवापालट म्हणून मठातल्या मदरने रमाबाईंना लंडनच्या शाखेत पाठवलं. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना आपलं एक काम दाखवलं. फुलहॅम भागात त्यांचा एक आश्रम होता. ज्या बायकांना समाज ‘पतित’ म्हणतो, त्यांच्यासाठी. (हा शब्द एकदा नीट बघा. पतित म्हणजे पडलेली. तिला ढकललं कोणी, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.) रमाबाईंनी तिथे अशा काही बायका पाहिल्या, ज्या पूर्वी त्याच आश्रमात आसऱ्याला आल्या होत्या आणि आता आजारी, अपंग माणसांची सेवा करत होत्या. कोणी त्यांच्यावर पहारा ठेवत नव्हतं. त्या स्वतःहून ते करत होत्या.

रमाबाई हादरल्या. हादरल्या हाच शब्द बरोबर आहे, कारण त्या काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. शास्त्रं त्यांना पाठ होती, आणि त्या शास्त्रांत अशा बाईला सांगितलेल्या कठोर शिक्षाही पाठ होत्या. अशा बाईला परत उभं करायचं असतं, ही कल्पनाच त्यांना नवीन होती. त्यांनी सिस्टरला विचारलं, की हे तुम्ही का करता. सिस्टरने वाद घातला नाही की व्याख्यान दिलं नाही. तिने बायबल उघडलं आणि योहानचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाई, विहीर, भर दुपार.

तो अध्याय आपण इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचं काही वाटत नाही. रमाबाईंच्या कानांनी ऐकून बघा. प्रभू त्या बाईला आधी काय करतो? तिच्याकडे पाणी मागतो. जातीचा विटाळ मानणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला पाणी मागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर तर सगळं जग मांडलेलं होतं. इथे देवाचा पुत्र घागर घेऊन आलेल्या, बदनाम झालेल्या, परक्या जमातीच्या बाईपुढे हात पसरतो. मग तिच्या नवऱ्यांचा विषय निघतो. प्रभू तो टाळत नाही, पण त्यावरून तिला झोडपतही नाही. जे आहे ते सांगतो आणि लगेच तिच्याशी उपासनेवर बोलतो, खऱ्या भक्तीवर, म्हणजे शास्त्र्यांशी बोलावं अशा विषयावर! शेवटी तीच बाई गावात जाऊन लोकांना घेऊन येते.

फुलहॅममध्ये रमाबाईंनी हेच तर डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथल्या बायकांना नुसती भाकरी मिळाली नव्हती, त्यांच्याकडून काहीतरी मागितलंही गेलं होतं. हा ख्रिस्तच खरा तारणारा, हे त्या अध्यायाने मनात ठसलं असं रमाबाईंनी नंतर लिहिलं. बुद्धीला पटवायचं उरलेलं काम नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लिखाणाने केलं. पण आधी मन वळलं, आणि ते वादविवादाने वळलं नाही, हे लक्षात घ्या. आपण मित्रांशी धर्मावर तासन्तास वाद घालतो, म्हणून सांगतोय.

न्यायाने एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. असं काम आपल्याकडे कोणीच करत नव्हतं असं नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, कोणी नाव विचारणार नाही. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यात काहूर उठलं, तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेणारेही जोतीरावच. दया ही काही आपल्या चर्चच्या कुंपणातच उगवते असं नाही. हे मान्य केल्याने प्रभूचं काही कमी होत नाही.

बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला झाला, मायलेकी दोघींचा. त्याच्या थोडंच आधी त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने वाँटेजमध्येच स्वतःचा जीव दिला होता. परका देश, धर्मांतराची धास्ती, मनावर ताण. त्या मैत्रिणीवर शेरा मारायला आज इतक्या वर्षांनंतरही लोक तयार असतात. रमाबाई तेव्हा पार खचून गेल्या होत्या.

तर मग आता ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यावर बोट दाखवणं थांबलं असेल? छे. बोट दाखवणारे फक्त बदलले.

पुण्यात त्यांना धर्म बुडवणारी म्हटलं गेलं, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. पण इंग्लंडमध्ये आपल्याच लोकांनी काय केलं? चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण मुलग्यांना, पुरुषांना शिकवू नये, म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन त्यांची धर्ममाता. त्या प्रेमळ होत्या, पण त्यांना रमाबाईंच्या प्रत्येक प्रश्नात गर्व दिसायचा. त्रैक्याबद्दल विचारलं, गर्व. मांस-अंडं खात नाही, म्हणजे जातीचा अभिमान सुटला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नको, असं विचारलं, तर तोही देशाभिमान. रमाबाई ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. लांबलचक पत्रं लिहून त्या आपली बाजू मांडत राहिल्या. सदसद्विवेक देवाने दिलाय, तो माणसांच्या हाती सोपवायचा नाही, असा त्यांचा रोख असायचा. मांस त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. सिस्टर जेराल्डीनशी नातंही तोडलं नाही. ही सगळी पत्रं आज छापलेली आहेत. ती वाचताना मला रमाबाईंचं म्हणणं बहुतेक ठिकाणी बरोबर वाटतं, आणि त्या कधीकधी उगाच तिखट लिहितात असंही वाटतं. संत म्हणून नाही, माणूस म्हणून त्या आवडतात त्या यामुळेच.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, बॉस्टनला मदतीसाठी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. वर्षा-दीड वर्षात सदन पुण्याला हललं. १८९३ मध्ये पुन्हा वादळ उठलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात, काही ख्रिस्ती व्हायला निघाल्या, म्हणून ‘केसरी’ने तोफ डागली, रानडे-भांडारकरांसारख्या मित्रांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि अनेक पालक येऊन आपापल्या मुलींना घेऊन गेले.

पण एक बारीक गोष्ट लक्षात आली का? शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. अब्रूदार घरातल्या, समाजाने छळलेल्या, पण निष्कलंक मुलींसाठी. फुलहॅमसारख्या बायकांना तिथे जागा नव्हती, आणि ठेवली असती तर सदन दुसऱ्या दिवशी रिकामं झालं असतं. फुलहॅम पाहिलं १८८३ मध्ये. तसं दार स्वतः उघडायला रमाबाईंना पंधरा-सोळा वर्षं लागली. मी याला त्यांचा दोष म्हणणार नाही. पण एवढ्या धीट बाईलासुद्धा ‘चांगल्या’ घरातल्या मुली आणि ‘तसल्या’ बायका यांच्यामधली भिंत ओलांडायला इतका काळ लागला, यावरून ती भिंत केवढी जाड असेल याचा अंदाज येतो.

मधल्या काळात त्या भिंतीला तडे जात होते. एकदा त्या साध्या यात्रेकरू बाईचा वेष करून वृंदावनला गेल्या आणि तिथल्या विधवांचे हाल डोळ्यांनी बघून आल्या. देवाच्या दारी पुण्य मिळवायला आलेल्या बायका दलालांच्या, पंड्यांच्या तावडीत सापडत होत्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः झाडपाला खाऊन जगलेल्या बाईला दुष्काळाची बातमी पेपरात वाचून गप्प बसणं शक्य नव्हतं. तिथल्या मदत-छावण्यांत मुलींचं काय चाललंय ते त्यांनी पाहिलं. मुठभर धान्यासाठी मुलींना कोणी कोणी काय करायला लावत होतं, ते त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्यांच्या हाती छावणीच्या किल्ल्या होत्या, तेही त्यात होते.

लगोलग पुण्यात प्लेग आला. सदनातली एक मुलगी सरकारी कॅम्पात गेली ती परत आलीच नाही. तिथल्या पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतल्याचं रमाबाईंना कळलं. या वेळी त्यांनी काय केलं ते बघा. मुलीचं नाव काढून लाज झाकली नाही. १८९७ मध्ये वृत्तपत्राला पत्र लिहून थेट सरकारला जाब विचारला. ज्यांच्या पैशावर आणि परवानगीवर आपलं काम चालतं त्या गोऱ्या साहेबांना हे आवडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आवडलं नाहीच. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेलं. दोष लावू नका या वचनाचा अर्थ अन्यायावर गप्प बसा असा काढणाऱ्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं. बोट कुणाकडे वळवायचं हे रमाबाईंना कळलं होतं : जिला ढकललं तिच्याकडे नाही, ढकलणाऱ्याकडे.

दुष्काळातून आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती, तिथे तंबू, झोपड्या पडल्या. हेच मुक्तिसदन. आता जातीचा प्रश्नच उरला नाही. कोण कुठली, कोणाची, कोणत्या घरची, सगळ्या एका पंगतीला. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. जरा हिशेब करा : दोन हजार तोंडं, रोज दोन वेळा, पावसाचा भरवसा नाही, विहिरी अजून खणताहेत.

आणि याच धांदलीत, शतक बदलता बदलता, केडगावला कृपासदन उभं राहिलं. ज्यांना गाव, घर, नातेवाईक कोणी दारात उभं करणार नाही, अशा बायकांसाठी. कोणी फसवलेल्या, कोणी विकल्या गेलेल्या, कोणी बाजारात बसलेल्या. कोणी पोटुशा, पुष्कळ आजारी. नाव बघा काय ठेवलं. सुधारगृह नाही, पतितोद्धार नाही, कृपा! दारावर ज्या शब्दाची पाटी, त्या शब्दाने आत राहणारीची ओळख. तिला रोज आपलं पाप वाचत आत शिरावं लागत नसे.

आपल्या काही युथ ग्रुपांत आता एक नवीनच रीत पडली आहे. एखाद्याचं किंवा एखादीचं काही प्रकरण कानावर आलं, की ते प्रार्थनेचा विषय म्हणून ग्रुपवर टाकायचं, सोबत स्क्रीनशॉट. देवाला स्क्रीनशॉट कशाला हवेत, कळत नाही. ज्या दिवशी तो मेसेज येतो, त्या दिवसापासून ती व्यक्ती उपासनेला मागच्या बाकावर बसते, आणि महिन्याभरात यायचीच बंद होते. पापाला पाप म्हणायचंच नाही का, असा सवाल यावर हमखास येतो. म्हणा की. प्रभूनेही त्या शोमरोनी बाईचं आयुष्य जसं होतं तसंच तिच्यापुढे ठेवलं. पण ते तिच्यापुढे ठेवलं, गावापुढे नाही. आणि तहान लागलेली असताना, तिच्याच विहिरीवर बसून.

कृपासदनातही काही लाड नव्हते. पहाटे उठायचं, प्रार्थना, शिकणं, काम. मुक्तीत शेती होती, गाईगुरं होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. जी कालपर्यंत दुसऱ्याच्या दयेवर होती, तिच्या हाती आज नवीन आलेली मुलगी सांभाळायला दिली जायची. तिला न्हाऊ घालायचं, तिच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, रात्री ती घाबरून उठली तर जवळ घ्यायचं. शिवाय आंधळ्या बायकांसाठी बार्तीमय सदन होतं, आणि मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवू लागली. म्हाताऱ्या, दुबळ्या बायकांसाठी प्रीतिसदन निराळं. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते काम, जिथे सेवा घेणारीच उद्या सेवा करते, आता मराठी मातीत नऊवारी नेसून चाललं होतं.

१९०५ साली मुक्तीत मोठं संजीवन झालं. त्याबद्दल तुम्ही साक्षींमध्ये ऐकलं असेल, त्यावर वेगळं लिहीन. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. हे पुढे सरकू या, कारण रमाबाईंचं लक्ष तेव्हा दुसरीकडेच होतं.

पन्नाशीकडे झुकलेल्या या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. कारण साधं होतं. तेव्हाचं मराठी बायबल मुक्तीतल्या खेडवळ बायकांना जड जायचं. ज्या बाईने आयुष्यात पाटी हाती धरली नाही, तिला समजेल असं बायबल हवं. मग त्या स्वतःच बसल्या, मूळ भाषांवरून, सोप्या मराठीत. ज्या भाषेसाठी कधीकाळी टाळ्या मिळाल्या, ती पंडिती भाषा त्यांनी इथे जाणूनबुजून बाजूला ठेवली. वर्षानुवर्षं हे चाललं. कान जवळजवळ गेले होते, अंग थकलं होतं. २४ जुलै १९२१ ला मिरजेच्या दवाखान्यात मनोरमा गेली. जिला मांडीवर घेऊन त्या सिल्चरहून निघाल्या होत्या, ती. वयाची चाळीस वर्षं, आणि मुक्तीची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकायची ठरलेली होती. रमाबाई नऊ महिनेही त्यानंतर जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला, झोपेत, केडगावला त्यांनी प्राण सोडला. भाषांतर तेवढ्यात पुरं झालं होतं.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, प्रुफं ओढणाऱ्या, पानं शिवणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, मुक्तीत आसऱ्याला येऊन लिहायला-वाचायला शिकलेल्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एक-एक अक्षर त्यांनी हाताने उचलून ओळीत लावलं. त्यात योहानचा चौथा अध्यायही होता.

उद्याचं वाचन : लूक ७ : ३६ ते ५०